खिन्न वृक्षाचा वैद्य

निपाणीला आमच्या जुन्या घराच्या परसात, विहिरीला लागून, एक प्राजक्त होता. श्रावण-भाद्रपदात आजी पहाटेच परडी घेऊन त्याच्याखाली बसे. भुईवर पडलेले फूल देवाला चालत नाही हा तिचा एरवीचा कडक नियम. प्राजक्ताला मात्र त्यातून सूट होती. पूजा आटोपली की दुसऱ्या दिवशी निर्माल्यातली फुले ती पुन्हा निवडायला घेई. पांढऱ्या पाकळ्या एकीकडे, केशरी देठ दुसरीकडे. देठ सुपात पसरून सावलीत वाळवायचे, उन्हात मुळीच नाही. पुरेसे साठले म्हणजे पाण्यात उकळायचे, त्यात तुरटीचा खडा फिरवायचा आणि देवाचे वस्त्र त्यात बुडवून ठेवायचे. उन्हात का वाळवायचे नाहीत असे मी विचारी, तेव्हा या झाडाचा आणि सूर्याचा अबोला आहे, एवढेच ती सांगे. त्यापुढची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, किंवा मुलांना सांगण्यासारखी ती तिला वाटत नसावी.

ती गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी सापडली, आणि तीही एका पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात. ग्रंथ छापला गेला होता गोव्यात, १० एप्रिल १५६३ रोजी. बेळगावहून चोरला घाट उतरले की जो मुलूख लागतो, तिथेच मांडवीच्या काठी हा माणूस तीस-चौतीस वर्षे राहिला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. इतिहास हा माझा विषय नव्हे. मी वनस्पतिशास्त्र शिकलो आणि तेच शिकवतो. परंतु ज्याने आमच्या परसातल्या झाडाला युरोपच्या पुस्तकात प्रथम आणून बसवले, त्याची चौकशी केल्यावाचून मला राहवेना. आपल्याकडे त्याचे नाव घेतात ते मुंबईच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते, किंवा पणजीच्या चर्चसमोरच्या उद्यानाची पाटी वाचताना.

पोर्तुगालच्या पूर्व सरहद्दीवर कास्तेलो द विद नावाचे गाव आहे. तिथे १५०१ च्या सुमारास गार्सियाचा जन्म झाला. आपण सीमाभागातली माणसे. त्याच्या घराण्याची हकीकत आपल्याला समजायला जड जाऊ नये. आईबाप दोघेही मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली, त्यांतच हे कुटुंब होते. पाच वर्षे गेली नाहीत तोच १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने तिथल्या सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करून घेतले. अशांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. नाव बदलले, देऊळ बदलले, पण शेजाऱ्याची नजर काही बदलली नाही. शनिवारी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणी डुकराचे मांस टाळले, कोणाच्या अंगावर त्या दिवशी धुतलेला सदरा दिसला, यावर पाळत असे. गार्सिया जन्मापासून ख्रिस्ती होता. पण त्याच्या मागे हे सारे होते, आणि ते शेवटपर्यंत राहिले.

स्पेनमधल्या आल्काला आणि सालामांका या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, परत येऊन गावी वैद्यकी केली, नंतर लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला. बरे चालले होते. तरीही मार्च १५३४ मध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून हिंदुस्थानच्या जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यास उतरला. त्याने स्वतः कारण दिले ते नव्या औषधी वनस्पतींच्या ओढीचे. ते खोटे नसावे. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायसभा स्थापन झाली हेही विसरून चालणार नाही. वारा कुठून येतो आहे हे त्या घरातल्या माणसांना कळत असणार.

गोव्यात त्याचा जम बसला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी. सोझाबरोबर तो काठेवाड, दीवपर्यंत मोहिमांत हिंडला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याला बोलावून घेई, त्याच्याशी वैद्यकावर चर्चा करी, आणि दोघांची खरोखरची मैत्री होती असे ग्रंथावरून दिसते. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात तेव्हा आदिलशहाच्या वतीने असदखान लारी नांदत होता. तो १५४९ साली वारला. घाटावरच्या या सगळ्या प्रदेशाला पोर्तुगीज 'बालागाते' म्हणत. त्या शब्दाची फोडही ओर्ताने केली आहे: फारसी बाला म्हणजे वरचा, आणि घाट म्हणजे डोंगर. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोन बहर येत, एक नाताळच्या सुमारास आणि दुसरा मेअखेरीस, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. सोबत मसाल्यांचा आणि जवाहिरांचा व्यापारही चालू होता. वैद्य सुखवस्तू होता, यात शंका नाही.

आता ग्रंथाकडे वळतो. त्याचे लांबलचक पोर्तुगीज नाव मराठीत सांगायचे तर 'हिंदुस्थानातील साधी औषधे, द्रव्ये आणि वैद्यकीय वस्तू यांविषयीचे संवाद' असे होईल. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने तो व्यवहारातल्या पोर्तुगीज भाषेत लिहिला, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन माणसे बोलत बसली आहेत अशी सारी रचना. एक ओर्ता स्वतः. दुसरा रुआनो नावाचा, नुकताच युरोपातून आलेला, पुस्तके पाठ असलेला कल्पित वैद्य. रुआनो प्राचीन ग्रीक आणि अरब आचार्यांची मते पुढे करतो, आणि ओर्ता सांगतो की मी हे झाड डोळ्यांनी पाहिले आहे, ते तसे नाही. गेलन, डायोस्कोरिडिस यांच्याविरुद्ध बोलायला स्पेनमध्ये आपली छाती झाली नसती, पण इथे ती होते, अशी कबुलीही तो देऊन टाकतो. मधूनच अंतोनिया नावाची त्याची दासी हाक मारताच पाला, फळ, फांदी घेऊन येते. एका संवादात मालूपा नावाचा इकडचा वैद्य बोलतो. कोणती वनस्पती कुठे उगवते हे अंतोनियाला अचूक माहीत असे, हे उघड आहे. पण तिला हे कोणी शिकवले, ती कुठली, याबद्दल अक्षर नाही. दास बाळगणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडला नाही. हा त्याचा दोष मी झाकू इच्छीत नाही.

त्या काळी गोव्यातला छापखाना अवघ्या सात वर्षांचा होता. ओर्ताच्या पुस्तकात छपाईच्या इतक्या चुका राहिल्या की शेवटी सुमारे वीस पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले. आपल्या वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाला यातून धीर मिळेल. त्याच पुस्तकाच्या आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेली एका गरीब शिपायाची कविता आहे. तो शिपाई म्हणजे लुईश द कामोंइश, पुढे पोर्तुगालचा महाकवी झालेला. त्याची छापली गेलेली पहिली कविता ती हीच.

ओर्ताची एक सवय मला फार आवडते. कोणतीही वस्तू आली की तो तिची नावे गोळा करतो. अरबीत काय, फारसीत काय, मलबारात काय, कोकणीत काय. हळदीला इकडचे लोक काय म्हणतात हे त्याने 'अलद' असे लिहून ठेवले. 'ह' पोर्तुगीज कानाला ऐकू आला नाही एवढेच. पटकीच्या दुखण्याला त्याने दिलेले 'मोर्शी' हे नाव म्हणजे आपली मोडशी. ज्या गावात एकाच बाजारात एकीकडे हळद मागतात आणि दुसरीकडे अरिशिण, तिथल्या वाचकाला ही पाने आपल्या घरची वाटतील. याच अंकाच्या कन्नड विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनीही ती जरूर चाळावीत.

रंगद्रव्यांच्या बाबतीत मात्र माझी थोडी तक्रार आहे. हळद, लाख, चंदन, बिब्बा यांवर तो मन लावून लिहितो. पण नीळ आली की म्हणतो, हा व्यापाराचा माल, औषध नव्हे. आणि चांगली नीळ कशी पारखावी एवढे सांगून मोकळा होतो. त्या काळच्या दख्खनेत नीळ, मंजिष्ठ, करडईचा कुसुंबा, पतंगाचे लाकूड, हिरड्याची काळी शाई असा केवढा संसार होता. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरी आज नातवंडांना त्यांतली निम्मी नावेही सांगता येणार नाहीत. ओर्ताने आणखी चार पाने खर्ची घातली असती तर आपल्यावर उपकार झाले असते. असो.

पण सहाव्या संवादात तो ज्या झाडापाशी थांबला, तिथे त्याने कसर भरून काढली. ते झाड म्हणजे आमचा प्राजक्त. त्याचे इकडचे नाव त्याने 'पारिझाताको' असे लिहिले, आणि पोर्तुगीजात त्याला म्हटले खिन्न वृक्ष. फुले सूर्यास्तानंतरच उमलतात, रात्रभर दरवळतात, आणि उजाडताच गळून जातात, हे त्याने नीट पाहून नोंदवले. देठांनी अन्नाला केशरासारखा रंग येतो हेही लिहिले. आणि मग लोकांकडून ऐकलेली कथा दिली. पारिझाताको नावाच्या एका मोठ्या सरदाराची रूपवान मुलगी सूर्यावर अनुरक्त झाली. सूर्याने तिला आपलीशी केले आणि काही काळाने दुसरीच्या नादी लागून सोडून दिले. मुलीने जीव दिला. या देशाच्या रिवाजाप्रमाणे तिचे दहन झाले, आणि त्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचा तिटकारा. तो समोर असता ती तोंड दाखवीत नाहीत. एवढे सांगून, ओव्हिड हा रोमन कवी इकडचाच असावा, असा विनोदही पुस्तकात केला आहे.

त्या विनोदाला अर्थ आहे. ओव्हिडने क्लिटी नावाच्या जलकन्येची कथा सांगितली आहे. तिलाही सूर्याने असेच टाकले. ती अन्नपाणी सोडून त्याच्याकडे बघत बसून राहिली आणि शेवटी सूर्याकडे वळत राहणारे फूल झाली. दुःख एकच, तिकडची मुलगी सूर्यावरून नजर काढीत नाही, इकडची त्याचे तोंड बघत नाही. आपल्याकडे पारिजातक म्हटले की सत्यभामा-रुक्मिणीचा सवतीमत्सर आठवतो. ती स्वर्गातून आणलेल्या झाडाची कथा. ओर्ताने ऐकली ती चुलीजवळची असावी. आजीच्या त्या एका वाक्याचे मूळ मला इथे सापडले.

सूर्याकडे वळणाऱ्या झाडांचे आज शास्त्राला बरेच कळले आहे. आपल्या उत्तर कर्नाटकात १९७० नंतर तेलबियांसाठी सूर्यफूल पसरले. ते अमेरिकेतले, तेव्हा ओव्हिडचे फूल ते नव्हे. कोवळे सूर्यफूल दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते, कारण दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिमेची. ही लय झाडाच्या आतल्या घड्याळावर चालते, हे २०१६ साली प्रयोगाने दाखवले गेले. फूल पूर्ण उमलले की हे वळणे थांबते आणि ते पूर्वेकडेच तोंड करून उभे राहते. सकाळच्या उन्हाने लवकर तापते आणि मधमाश्या जास्त येतात. ओर्ताच्या हाती ना सूक्ष्मदर्शक, ना घड्याळ. तरी चिंचेची पाने रात्री मिटून शेंगांना झाकून घेतात हे त्याने टिपले आहे, आणि स्पर्श होताच कोमेजणाऱ्या लाजाळूसारख्या वनस्पतीचीही नोंद घेतली आहे. चिंच थंडीपासून शेंगा राखते हा त्याचा अर्थ आज आपण धरणार नाही, पण पाहणे खरे होते.

त्याच्या मायभूमीतही असे एक रोप आहे. शास्त्रीय नाव क्रोझोफोरा टिंक्टोरिया. लोकांत त्याचे नाव सूर्याकडे वळणारे या अर्थाचे. त्याच्या फळांच्या रसात चिंध्या भिजवून वाळवीत आणि मध्ययुगात हस्तलिखितांची चित्रे रंगवायला त्यांतून निळा-जांभळा रंग काढीत. पुढे ती विद्या लोपली. २०२० साली पोर्तुगीज शास्त्रज्ञांनी जुन्या हस्तपुस्तिका वाचून आलेंतेजू प्रांतात फळे गोळा केली आणि त्या निळ्या रंगाची रेणुरचना उलगडली. ओर्ताचे गाव त्याच आलेंतेजूत आहे. याच कुळीचे दुसरे रोप आपल्या काळ्या रानात पडीक शेतांतून उगवते, आणि आपण ते तण म्हणून उपटून टाकतो.

प्राजक्ताच्या देठातला रंग केशरातल्या रंगाच्याच जातीचा, क्रोसेटिन नावाचा, हे रसायनशास्त्राने दाखवले. म्हणजे ओर्ताची केशराशी तुलना नुसती डोळ्यांची नव्हती. मी एकदा प्रयोगशाळेत तुरटी दिलेल्या रेशमाच्या दोन पट्ट्या या देठांच्या काढ्यात रंगवल्या. सोनकेशरी, फार देखणा रंग आला. एक पट्टी टेबलाच्या खणात ठेवली, दुसरी खिडकीत टांगली. खिडकीतली थोड्याच दिवसांत फिकट होऊन गेली. खणातली अजून आहे. आजीचा नियम निव्वळ भाबडेपणा नव्हता; हा रंग उन्हात टिकत नाही.

आता राहिले ते सांगणे भाग आहे.

ओर्ताच्या दोन बहिणींना १५४७ साली लिस्बनमध्ये धर्मन्यायसभेने कैद केले होते. त्या सुटल्या, आणि आईसह गोव्यास भावाकडे आल्या. पण १५६० साली धर्मन्यायसभा गोव्यातही आली. तीन वर्षांनी ओर्ताचे पुस्तक निघाले त्याच्या मुखपृष्ठावर गोव्याच्या मुख्य धर्मन्यायाधीशाचे, आलेशो दियाश फाल्काओ याचे, अनुमतीसाठी नाव छापलेले आहे. त्या पानाकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. प्रत्येक फुलाफळाची उघड साक्ष देणारा, गेलनलाही न भिणारा हा माणूस आपल्या घरातल्या देवाविषयी मात्र चकार शब्द काढू शकत नव्हता. आणि ज्याच्या भयाने तो गप्प होता त्याच्याच परवानगीने त्याचे पुस्तक निघत होते. व्हाइसरॉयांचा वैद्य असल्याने त्याच्या हयातीत त्याला कोणी हात लावला नाही.

तो १५६८ साली वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहीण कातारिना हिला पकडले. चौकशीत तिच्या नवऱ्याने सांगितले, की गार्सिया मोझेसचा धर्मच खरा मानीत असे. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मेलेल्या भावावरही खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून काढून जाळल्या गेल्या.

पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेले होते. क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाला ते १५६४ साली लिस्बनमध्ये मिळाले. त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पला निघाला आणि त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. त्यांतली एक १५७९ सालची, अस्थी जाळल्या त्याच्या आदल्याच वर्षीची. क्रिस्तोव्हाँ द कोश्ता याने १५७८ साली स्पॅनिश भाषेत चित्रांसह नवा ग्रंथ काढला, त्यात बराचसा ओर्ताच होता. अशा वाटेने ते खिन्न झाड स्वीडनला लिनियसपर्यंत पोचले, आणि १७५३ साली त्याने प्राजक्ताला निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्रीचे फूल, दुसऱ्याचा खिन्न वृक्ष. वर्गात मी हे नाव फळ्यावर लिहितो तेव्हा पोरे कुरकुरतात.

या खटल्याची बातमी बाहेरच्या जगाला पुष्कळ काळ नव्हती. काउंट द फिकाल्यो याने १८८६ साली ओर्ताचे मोठे चरित्र लिहिले, त्यालाही ती ठाऊक नव्हती. त्याचा ओर्ता सुखासमाधानाने मरतो. लिस्बनच्या दप्तरातले कातारिनाच्या खटल्याचे कागद धुंडाळून सिल्व्हा कार्व्हाल्यो या संशोधकाने १९३४ साली ती उजेडात आणली.

निपाणीचे ते घर पुढे विकले गेले. विहीर बुजवताना प्राजक्तही गेला. त्याच्या बियांपासून आजीने माझ्यासाठी लावलेले एक रोप इथे बेळगावात आमच्या दाराशी आता छपराच्या वर गेले आहे. सकाळी कॉलेजला निघताना फुलांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने जातो.